विझलेल्या भट्टीपाशी मुक्काम

वेल्सच्या डोंगराळ मुलखातून उतरून येणारी सेव्हर्न नदी इंग्लंडमधील श्रॉपशायर परगण्यात जिथे एका अरुंद घळीतून वाट काढते, तिथे तिच्या डाव्या तीरावर कोलपोर्ट नावाचे लहानसे गाव वसलेले आहे. या गावी बाटलीच्या आकाराच्या, विटांनी बांधलेल्या उंच भट्ट्या अद्याप उभ्या आहेत. आणि त्यांच्या सावलीतील ज्या इमारतींत शंभराहून अधिक वर्षे श्रीमंतांच्या मेजावर मिरवणारी चिनी मातीची भांडी घडत होती, त्यांपैकी एकीत पुढे पायी हिंडणाऱ्या, सायकलवरून येणाऱ्या, खिशात फारसे काही नसलेल्या वाटसरूंचे वसतिगृह झाले. या इमारतीला कारखान्याचा संस्थापक जॉन रोझ याचेच नाव आहे. मालकाच्या हयातीत ज्या आवारात कामाखेरीज कोणाला थारा नव्हता, त्याच आवारात त्याच्या नावाखाली परक्या मुलखातला प्रवासी अल्प भाडे देऊन निजतो.

कारखान्याचा आणि वसतिगृहाचा असा संबंध जुळावा, हे वरवर पाहता योगायोगाचे वाटेल. परंतु धुराने काळवंडलेल्या शहरांतील मुलांना चार दिवस तरी मोकळ्या हवेत नेता यावे म्हणून जी चळवळ जन्मास आली, तिलाच पुढे थंडावलेल्या कारखान्यांनी आपले छप्पर द्यावे, हा युरोपच्या औद्योगिक इतिहासातील एक अर्थपूर्ण फेरा आहे. आणि त्याचा वृत्तान्त नीट पाहिला, तर कारखाना बंद पडल्यावर त्याच्या भिंतींवर हक्क कोणाचा, या आपल्याही दाराशी येऊन ठेपलेल्या प्रश्नाचे निदान एक उत्तर त्यात सापडते.

या घळीचे भाग्य तिच्या भूगर्भात होते. दगडी कोळसा, लोहपाषाण, चुनखडी आणि भाजण्याजोगी माती या चारही वस्तू इथे हाताशी होत्या, आणि माल वाहून नेण्यास नदी होती. कोलब्रुकडेल येथे अब्राहम डार्बी याने १७०९ साली लाकडी कोळशाऐवजी दगडी कोळशाचा कोक वापरून लोखंड गाळण्यात यश मिळविले, आणि लोखंडाचे उत्पादन जंगलतोडीच्या मर्यादेतून मोकळे झाले. त्याच्या नातवाने, तिसऱ्या अब्राहम डार्बीने, १७७९ साली सेव्हर्नवर सुमारे शंभर फुटांची एकच कमान असलेला बिडाचा पूल उभारला. १ जानेवारी १७८१ रोजी तो रहदारीस खुला झाला. पुलाच्या नाक्यावर जकातीचा जो फलक लावलेला आहे, त्यात राजघराण्यातील व्यक्तींनाही सूट मिळणार नाही, असे स्पष्ट बजावलेले आहे. राजाकडूनही दाम वसूल करणाऱ्या या व्यापारी वृत्तीने पुढच्या दीडशे वर्षांत ती घळ अहोरात्र धगधगत ठेवली. १८०१ साली फिलिप द लूथरबर्ग या चित्रकाराने कोलब्रुकडेलच्या रात्रीचे जे चित्र रंगविले, त्यात आकाशाला आग लागल्यासारखा प्रकाश दिसतो, तो याच भट्ट्यांचा.

कोलपोर्ट हे गाव या धामधुमीतले सर्वांत धाकटे अपत्य. विल्यम रेनॉल्ड्स या लोखंडाच्या कारखानदाराने अठराव्या शतकाच्या अखेरीस कालवा आणि नदी यांची गाठ जिथे पडते तिथे मालाच्या चढउतारासाठी हे बंदर वसविले. कालवा टेकडीच्या माथ्यावर, नदी दोनशे सात फूट खाली. तेव्हा कालव्यातील होड्या जलपाशांतून उतरविण्याऐवजी लोहमार्ग घातलेल्या एका तीव्र उतारावरून दोरखंडांच्या साहाय्याने वरखाली करण्याची योजना अमलात आली. उतरणाऱ्या भरल्या होडीच्या वजनाने चढणारी होडी आपसूक वर येई. या बंदरात १७९५-९६ च्या सुमारास जॉन रोझने चिनी मातीचा कारखाना घातला, १७९९ साली शेजारचा कॉघली येथील जुना कारखाना खरेदी केला, आणि पुढे प्रतिस्पर्धी कारखानाही आपल्यात सामावून घेऊन कोलपोर्टचे नाव सर्वत्र गाजविले. कॉर्नवॉलची पांढरी माती आणि दगड समुद्रमार्गे व नदीमार्गे येत, कोळसा आसपासच्या खाणींतला, आणि कारागीर दोन्ही काठांवरच्या खेड्यांतले.

ही भांडी कशी होत, हे जरा जवळून पाहण्यासारखे आहे; कारण त्यावाचून या इमारतींची रचना उमगत नाही. या भांड्यांच्या मातीत निम्म्याच्या आसपास गुरांच्या हाडांची राख असे, आणि तीमुळे भांड्याला दुधाळ शुभ्रता व उजेडापुढे धरल्यास जाणवणारी अर्धपारदर्शकता येई. घडवून वाळविलेली कच्ची भांडी थेट ज्वाळेत ठेवली, तर धुराने डागाळत; म्हणून ती सॅगर नावाच्या जाड मातीच्या डब्यांत, गारगोटीच्या बारीक पिठात रुतवून ठेवीत. हे जड डबे डोक्यावर वाहून माणसे भट्टीत शिरत आणि आपल्याकडे घरात मडक्यांची उतरंड रचतात त्याप्रमाणे एकावर एक चढवीत, थेट छतापर्यंत. मग भट्टीचे दार विटांनी लिंपून बंद करावयाचे, सभोवारच्या चुलींत कोळसा घालावयाचा, आणि दोन-तीन दिवस आच वाढवीत सुमारे १२५० अंशांपर्यंत न्यावयाची. आत काय चालले आहे याचा अंदाज भट्टीवरच्या मिस्त्रीने लहानशा झरोक्यातून दिसणाऱ्या रंगावरून आणि मधूनच काढलेल्या नमुन्यावरून बांधावयाचा; त्याची नजर चुकली, तर शेकडो हातांचे काही आठवड्यांचे श्रम एका रात्रीत मातीमोल होत. भट्टी निवली की भांडी झिलईत बुडवून पुन्हा भाजावयाची, त्यांवर रंगकाम व सोनेरी मुलामा चढवून आणखी एकदा मंद आचेवर धरावयाची, आणि अखेरीस स्त्रियांनी गुळगुळीत दगडाने घासून त्या सोन्याला चकाकी आणावयाची. रंगकामाला भरपूर उजेड हवा म्हणून त्या दालनांना ओळीने मोठ्या खिडक्या. डब्यांचा व मालाचा भार पेलावा म्हणून भिंती रुंद. पुढे ही दालने माणसांच्या निद्रेस सोयीची ठरली, ती मातीच्या भांड्यांच्या गरजांमुळे.

या शुभ्र वस्तूंचे मोल कोणी कोणत्या रूपात भरले, तेही सांगितले पाहिजे. भांडी ज्या गारगोटीच्या पिठात रुतवीत, त्याची धूळ छातीत साठून कुंभकामातले मजूर धापा टाकीत अकाली मरत. झिलईतील शिसे हातांतून व श्वासातून अंगात भिने. १८२० साली जॉन रोझला सोसायटी ऑफ आर्ट्सचे सुवर्णपदक मिळाले, ते शिसेविरहित झिलई सिद्ध केल्याबद्दल. कारखानदाराच्या कीर्तीत मजुराच्या प्रकृतीचा विचार मोजला गेल्याचे हे त्या काळातील एक विरळ उदाहरण. आणि २३ ऑक्टोबर १७९९ ची ती रात्र: पलीकडच्या तीरावरील घरांकडे कारखान्यातून परतणारे एकेचाळीस जण एका नावेत चढले, नाव नदीच्या प्रवाहात उलटली, आणि त्यांपैकी अठ्ठावीस बुडाले. पुढे एकशे तेवीस वर्षे त्या ठिकाणी नावच चालू राहिली. १९२२ साली, पहिल्या महायुद्धात पडलेल्या तरुणांच्या स्मरणार्थ, गावाने तिथे पादचाऱ्यांसाठी पूल बांधला. चार वर्षांनी, १९२६ साली, कोलपोर्टचा धंदा स्टॅफर्डशायरमध्ये हलविण्यात आला. भांड्यांच्या पाठीवर कोलपोर्टचे नाव छापले जात राहिले, परंतु कोलपोर्टच्या भट्ट्या विझल्या. आणि ज्या गावाची गुजराण त्या एका आवारावर होती, त्याच्या हाती रिकाम्या भिंती तेवढ्या उरल्या.

या कथेचा दुसरा धागा जर्मनीतला आहे. रिशार्ड शिरमान हा शाळामास्तर गेल्झनकिर्खेन या कोळशाच्या खाणींच्या शहरात शिकवीत असे. मुलांना वर्गाच्या चार भिंतींतून काढून रानात न्यावे, झाडे व पाखरे दाखवावीत, असा त्याचा ध्यास होता. १९०३ साली आल्टेना येथे बदली झाल्यावरही तो क्रम त्याने सोडला नाही. २६ ऑगस्ट १९०९ रोजी विद्यार्थ्यांसह तो पायी प्रवासास निघाला असता ब्र्योल नदीच्या खोऱ्यात वादळाने त्यांना गाठले, आणि एका खेड्यातील शाळेत, बाके बाजूला सारून, गवतावर त्यांनी रात्र काढली. बाहेर विजा कडाडत असताना जागा राहिलेल्या त्या शिक्षकाला विचार सुचला तो असा, की सुटीत देशभरच्या शाळा रिकाम्याच असतात. एकेका दिवसाच्या चालीच्या अंतरावर त्या मुलांसाठी उघडल्या, तर गरिबातल्या गरिबालाही आपला देश पायाखाली घालता येईल. १९१२ साली आल्टेनाच्या जुन्या किल्ल्यात पहिले कायमचे युवक-वसतिगृह सुरू झाले. लाकडाच्या भक्कम तीन मजली खाटांची त्याची शयनगृहे आजही जतन केलेली आहेत. नव्या इमारतीसाठी निधी जमवीत बसण्यापेक्षा जी वास्तू रिकामी पडली आहे तिच्यात निजावे, हे तत्त्व या चळवळीच्या जन्मापासूनच तिच्या हाडीमासी खिळले होते.

इंग्लंडमध्ये ही कल्पना १९३० साली रुजली. इतिहासकार जी. एम. ट्रेव्हेलियन तिथल्या संस्थेचे पहिले अध्यक्ष झाले. मंदीचा काळ होता. गिरण्यांच्या व खाणींच्या गावांतून तरुण माणसे रविवारी डोंगरांकडे धाव घेत होती, आणि २४ एप्रिल १९३२ रोजी किंडर स्काउटच्या पठारावर जमीनदारांची मनाई झुगारून शेकडो जण चालून गेले, ते याच वर्गातले. अशांसाठी रात्रीचे भाडे एक शिलिंग ठरले. निजण्यासाठी शिवलेल्या चादरीची पिशवी प्रत्येकाने स्वतःची आणावयाची, सकाळी निघण्यापूर्वी झाडलोट, भांडी घासणे, लाकडे फोडणे यांतले एखादे काम करून जावयाचे, रात्री ठरल्या वेळी दिवे मालवावयाचे, आणि मोटारीने येणाऱ्याला प्रवेश नाही, हे आरंभीचे कायदे. आज ते कडक वाटतील. परंतु त्यांतली प्रत्येक अट भाडे एका शिलिंगवर राखण्यासाठी होती. चाकर ठेवला की भाडे चढते, आणि भाडे चढले की ज्याच्यासाठी हे आरंभिले तोच दाराबाहेर राहतो, हा हिशेब त्या संस्थापकांनी पक्का ओळखला होता.

याच हिशेबाने ते पहिल्यापासून जुन्या उद्योगांच्या वास्तूंकडे वळले. विंचेस्टर शहरात इचन नदीवर अठराव्या शतकात पुन्हा बांधलेली पिठाची पाणचक्की होती. ती पाडली जाऊ नये म्हणून लोकांनी वर्गणीने वाचवून नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेच्या स्वाधीन केली, आणि १९३१ साली तिथे वसतिगृह आले. चक्कीखालून धावणाऱ्या थंडगार प्रवाहात सकाळचे तोंड धुऊन मुशाफिरांच्या पिढ्यांमागून पिढ्या तिथून मार्गस्थ झाल्या. पुढे अनेक दशके तो मुक्काम चालू होता. केंब्रिजशायरमधील हॉटन येथील मोठी लाकडी पाणचक्की १९८३ पर्यंत अशीच वाटसरूंना आसरा देत होती. कॉनिस्टनच्या डोंगरात तांब्याच्या खाणीच्या व्यवस्थापकाचे घर, होनिस्टर घाटात पाटीच्या दगडाच्या खाणीवरील मजुरांची इमारत, अशी ही यादी वाढत गेली. या इमारती धनिकांच्या दृष्टीने निरुपयोगी होत्या, म्हणूनच त्या गरिबांच्या वाट्याला आल्या, असे कोणी म्हणेल. परंतु त्या वापरात राहिल्या म्हणून टिकल्या, हेही तितकेच खरे आहे. छपरावरचे कौल सरकले तर ज्याच्या अंगावर पाणी गळते असा माणूस घरात असेपर्यंत घर पडत नाही.

सेव्हर्नच्या घळीत हा योग जरा उशिराने आला. सुमारे चार दशकांच्या उपेक्षेनंतर १९६७ साली तिथे एक संग्रहालय-न्यास स्थापन झाला; १९७६ साली कोलपोर्टच्या कारखान्यात चिनी मातीच्या भांड्यांचे संग्रहालय उघडले, आणि १९८६ साली सबंध घळीला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. त्याच आवारात वसतिगृहाची स्थापना झाल्याने एक मोठी गोष्ट साधली: संध्याकाळी संग्रहालयाची दारे बंद झाली, तरी कारखान्यात माणसाचा वावर उरला. शाळांच्या सहली तिथे उतरतात. दिवसा ज्या मुलाने भट्टीच्या पोटात शिरून मान वर करून पाहिले, तेच मूल रात्री त्याच आवारातील दुमजली खाटेवर वर कोणी निजायचे यावरून भांडते. प्रदर्शनातील पाटी वाचून जो इतिहास कळतो, त्यापेक्षा त्या वास्तूत एक रात्र राहिल्याने तो अधिक अंगी मुरतो, असे माझे मत आहे. कारण घराची ओळख त्यात निजल्याशिवाय होत नाही.

जर्मनीत तर हा फेरा अगदी पूर्ण झाला. शिरमान ज्या रूर खोऱ्यातील खाणकामगारांच्या मुलांना घेऊन बाहेर पडत असे, त्याच खोऱ्यातील ड्युसबुर्ग शहरात १९०१ साली उभारलेला लोखंडाचा प्रचंड कारखाना १९८५ साली बंद पडला. तो पाडण्याऐवजी पेटर लाट्झ या रचनाकाराने त्याचे सार्वजनिक उद्यानात रूपांतर केले. आणि त्या आवारातील जुन्या कचेरीच्या इमारतीत आज युवक-वसतिगृह आहे. जिथे मजुरांच्या हजेरीपटाचे दफ्तर राहत असे, तिथे सुटीवर आलेली मुले राहतात, आणि त्यांच्या खिडकीसमोर गंजलेल्या भट्ट्यांवर झाडे उगवलेली असतात. मुलांना ज्या धुरापासून दूर न्यावयाचे होते, तो धूर नाहीसा झाला. तेव्हा त्याच जागी मुले परत आली.

या ठिकाणी मराठी वाचकाचे मन मुंबईच्या गिरणगावाकडे गेल्यावाचून राहणार नाही. कावसजी दावर यांनी १८५४ साली ताडदेवला पहिल्या कापड गिरणीचा पाया घातला, आणि कोकण-घाटावरची माणसे लालबाग-परळच्या वाटेला लागली. त्यांच्या निवाऱ्याची व्यवस्था ना गिरणीमालकाने केली, ना सरकारने पुरेशी केली. ती गावांनी केली. एका गावच्या मंडळींनी वर्गणी काढून चाळीतली एक खोली घ्यावयाची, तिच्यात वीस-वीस, तीस-तीस जणांनी भिंतीशी आपापल्या ट्रंका आणि वळकट्या लावावयाच्या, दिवसपाळीचा उठून गेला की रातपाळीवाल्याने त्याच जागी अंग टाकावयाचे, आणि जेवण खानावळवाल्या बाईकडे महिन्याच्या हिशेबाने. गावकीच्या या खोल्यांना कोणाचा कायदा नव्हता, परंतु वर्गणी, पाळी आणि झाडलोट यांचे नियम इतके पक्के होते, की एक शिलिंगच्या त्या वसतिगृहांचे संस्थापक ते पाहून संतोष पावले असते. अल्प भाड्यात, परस्परांच्या विश्वासावर, एका छपराखाली निजण्याची विद्या आपल्याला कोणाकडून शिकावयाची नाही.

परंतु १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर जेव्हा गिरण्या एकामागून एक थंडावल्या, तेव्हा त्यांच्या भिंतींच्या बाबतीत आपण वेगळा निवाडा केला. १९९१ च्या विकास-नियंत्रण नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे करून एक मोकळ्या जागेसाठी, एक सार्वजनिक घरांसाठी आणि एक मालकासाठी, अशी तजवीज होती. २००१ साली ती वाटणी मूळच्या मोकळ्या जमिनीपुरतीच मर्यादित करण्यात आली, आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयातही तोच बदल कायम राहिला. परिणामी शहराच्या वाट्याला फार थोडे आले. धुराडी पडली, मनोरे उठले; ज्या दालनांत तीन पाळ्यांची माणसे राबली, तिथे आता खरेदीच्या पेठा आहेत, आणि त्या माणसांचे नातू तिथे पहारेकरी म्हणून उभे राहतात.

गेलेले परत येणार नाही. परंतु सोलापूर, अमळनेर, अचलपूर अशा गावांतून आणि मुंबईतही अजून काही जुनी आवारे उभी आहेत. त्यांचे काय करावयाचे याचा विचार ज्या नगरपालिका, न्यास आणि सहकारी संस्था करीत असतील, त्यांना माझे सांगणे इतकेच, की सगळे आवार विकावे लागले तरी एक दालन राखावे. त्यात खाटा मांडाव्या, नळ आणि स्वच्छ शौचकूप द्यावे, भिंतीवर तिथे काम केलेल्यांची नावे लिहावी, आणि परीक्षेला आलेल्या मुलामुलींना, इस्पितळात आप्त असलेल्या खेडुताला, पाठीवर पिशवी टाकून महाराष्ट्र पाहावयास निघालेल्या तरुणाला परवडेल अशा भाड्यात ते खुले ठेवावे. कोलपोर्ट आणि ड्युसबुर्ग येथे हे झाले आहे. ते अशक्य नाही, आणि फार खर्चाचेही नाही. श्रमाने उभ्या राहिलेल्या वास्तूचा एक तरी कोपरा श्रमिकांच्या मुलांना निजण्यासाठी मोकळा राहिला पाहिजे.